बलभीमरावांची गुरुवारची फेरी

बलभीमराव एकतीस वर्षं एसटीचे ड्रायव्हर होते. त्यातली चौदा वर्षं त्यांच्या गाडीवर मी कंडक्टर होतो. मी गुंडाप्पा, राहणार लोहारा, ते बेंबळीचे. एखाद्याची मान मागून चौदा वर्षं बघितली की माणूस चिडलाय का खुशीत आहे हे कानाच्या रंगावरून कळायला लागतं. त्यामुळं त्यांच्याविषयी चार शब्द लिहायचा अधिकार मला आहे, असं मी समजतो.

एकतीस वर्षांत त्यांच्या हातून गाडीला साधा ओरखडा आला नाही आणि गाडी कधी एक मिनिट उशिरा सुटली नाही. या दुसऱ्या गोष्टीपायी पॅसेंजर त्यांच्यावर खार खाऊन असायचे. एकदा तर बेंबळीच्या स्टँडवर खुद्द त्यांच्या मालकीणबाई, मथुराबाई, हातात पिशवी घेऊन पळत येत होत्या. धाराशिवला दवाखान्यात जायचं होतं त्यांना. मी बेल मारायच्या आत बलभीमरावांनी आरशात बघितलं, बाई ओळखली आणि गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली.

"अहो, वैनी हायत्या!" मी ओरडलो.

"घरच्या मानसासाठी थांबलो तर उंद्या समद्या गावासाठी थांबावं लागंल," ते म्हणाले. कान नेहमीच्याच रंगाचे होते. त्या रात्री त्यांना जेवायला मिळालं की नाही, हे मी विचारलं नाही.

असा हा माणूस रिटायर होऊन सहा वर्षं झाल्यावर कॅनडाला राहायला निघाला, तेव्हा बेंबळीत कुणाचाच विश्वास बसेना. त्यांना एकच मुलगा, रणधीर. तो अकरा वर्षांपासून तिकडं. सास्काटून नावाच्या गावात, शेतीची मोठमोठी यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत कॉम्प्युटरचं काम करायचा. तिथला नागरिक झाल्यावर त्यानं आईबापांना कायमचं बोलवायचे कागद केले. मथुराबाईंचा गुडघा सारखा कुरकुर करत होता, जमीन पुतण्या युवराज कसत होता आणि घरात दोन माणसांना सहा खोल्या झाल्या होत्या. तरी बलभीमराव सहज तयार झाले नाहीत. व्हिडिओ कॉलवर त्यांनी मुलाला अट घातली, तेव्हा मी तिथं चहा पीत बसलो होतो.

"आमी जवळ राहू, पन तुझ्या घरात न्हाय."

"आबा, घर चांगलं मोठं आहे," रणधीर म्हणाला.

"असू दे. म्या पाचला उठतो, खोकतो, रेडिओ लावतो. सूनबाईनं कुठवर सोसायचं?"

"म्या चाळीस वर्सं सोसलं, ते कुनी इचारलं न्हाय," मथुराबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

शेवटी रणधीरच्या घरापासून चार गल्ल्यांवर तिसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट ठरला. गावात अंदाज सुरू झाले. कुणी म्हणालं दोन महिन्यांत परत येतील. मी त्यांना जास्त ओळखत होतो. मी सहा आठवडे सांगितले.

विमान हैदराबादवरून होतं. सोडायला मी गेलो. भाड्याच्या गाडीत बलभीमराव पुढं बसले आणि उमरग्यापासून दोन्ही पायांनी नसलेले ब्रेक दाबायला लागले. "ट्रक दिसला का?" "आता डिपर मार." "वळणावर कुठं घुसायलास?" झहीराबादला चहाला थांबलो तेव्हा त्या ड्रायव्हरनं हात जोडले. "काका, एक तर तुम्ही मागं बसा, न्हाय तर ही घ्या चावी." पुढचा रस्ता मी पुढं बसलो. सामानात शेंगदाण्याची चटणी होती, आमटीला लावायच्या येसराच्या तीन पिशव्या होत्या, ज्वारीचं पीठ होतं. आणि शर्टाच्या खिशात एसटीचा ड्रायव्हरचा बिल्ला. तो कशाला, असं मी विचारलं तर म्हणाले, "वळख लागतीच की परमुलखात."

ते पोचले ऑक्टोबरात आणि नोव्हेंबरात तिकडं बर्फ पडला. मुलाचं घर चालत बारा मिनिटांवर, पण उणे तीस अंशांत बारा मिनिटं चालायला एक तर तिकडं जन्मावं लागतं, नाही तर जिवावर उदार व्हावं लागतं. मिरच्या आणायच्या असल्या तरी रणधीरच्या शनिवारची वाट बघायची. दवाखाना असला की त्यानं रजा टाकायची. देवळात जायचं तर रविवार. बिचारा पोरगा सगळं करत होता, तोंड वाकडं न करता. पण बलभीमरावांचा फोन आला की आवाज पडलेला असायचा.

"गुंडाप्पा, म्या पार्सल झालोय रे. पोरगं उचलतंय, नेतंय, परत आनून ठेवतंय."

मी म्हटलं, "तिथं बस नाही का?"

"हाय की. टायमावर येती. एक बाई चालवती, लई झ्याक चालवती. म्या तिच्या मागच्याच सीटवर बसतो. पन कंडक्टर न्हाय."

"मग तिकीट कोण फाडतं?"

"कोन न्हाय. मान्सं आपली आपन पैसे टाकतेत."

मला ते फार लागलं. दोन दिवस मी त्यांना फोन केला नाही.

बस होती, पण स्टॉप लांब, आणि मथुराबाईंच्या गुडघ्याला तो बर्फ जमेना. तेव्हा एक दिवस जेवताना बलभीमरावांनी जाहीर केलं की आपण इथलं लायसन काढणार. रणधीर हसला. त्याची बायको निकिता हसली नाही. ती लातूरची, तिकडं दवाखान्याच्या लॅबमध्ये काम करते, आणि गाडी तिथंच जाऊन शिकली होती. ती म्हणाली, "आबा, मी शिकवते."

एकतीस वर्षं एसटी चालवलेल्या सासऱ्याला सून गाडी शिकवणार! ही बातमी मथुराबाईंनी त्याच दिवशी बेंबळीला कळवली. फोन ठेवायच्या आत स्टँडवर पोचली.

दर रविवारी सकाळी एका बंद दुकानासमोरच्या रिकाम्या मैदानात शिकवणी चालायची. तिकडं स्टिअरिंग डाव्या बाजूला, गाडी रस्त्याच्या उजवीकडून, आणि गाडीला क्लच नाही. आमच्या माणसाच्या डाव्या पायाला हे कोण सांगणार? तो सवयीनं क्लच दाबायला जायचा आणि ब्रेकवर पडायचा. पहिल्याच दिवशी निकिताच्या हातातली कॉफी तिच्या नव्या कोटावर गेली.

"आबा, तुम्हाला डावा पाय नाहीच असं समजा."

"असं कसं समजू? एकतीस वर्सं त्यानंच पोट भरलंय," आबा म्हणाले.

पहिल्या रविवारी ते तिला 'सूनबाई' म्हणत होते, तिसऱ्या रविवारपासून 'सायेब' म्हणायला लागले. लेखी परीक्षेसाठी तिनं त्यांच्याकडून पाट्या पाठ करून घेतल्या. ती परीक्षा ते पास झाले. मग रस्त्यावरची परीक्षा आली. परीक्षा घ्यायला एक पंचविशीतली मुलगी होती. बलभीमरावांनी गाडीत बसताच खिशातून बिल्ला काढून तिला दाखवला. तिनं तो उलटासुलटा करून बघितला, 'व्हेरी नाईस' म्हणाली, आणि वीस मिनिटांनी त्यांना नापास केलं.

झालं असं की चौकात 'थांबा'ची लाल पाटी होती. तिथं गाडी पूर्ण थांबवायची, मग निघायचं, असा नियम. यांनी गाडी हळू केली, दोन्हीकडं नजर टाकली आणि पुढं काढली.

"आडवं कुत्रंबी नव्हतं रस्त्यात," ते मला म्हणाले. "थांबू कुनासाठी?"

पण हे त्यांनी फार नंतर सांगितलं. त्या दिवशी मी निकाल विचारला तर म्हणाले, "निकाल राखीव हाय." खरी बातमी मथुराबाईंकडून आधीच आली होती.

महिन्यानं दुसरी परीक्षा. यावेळी ते प्रत्येक पाटीला थांबले. पण एक माणूस रस्ता ओलांडत होता, त्याला सावध करावं म्हणून यांनी हॉर्न वाजवला. आपल्याकडं ती माणुसकी. तिकडं म्हणे ती शिवी. तो माणूस जागच्या जागी दचकला, त्या मुलीनं कागदावर काहीतरी लिहिलं, आणि निकाल पुन्हा राखीव राहिला.

निकिता मात्र हटली नाही. तिनं युक्ती काढली. "आबा, हात हॉर्नपासून लांब. आणि पाटीला थांबलात की मनात तीनदा 'बेंबळी' म्हणायचं. तिसरी बेंबळी झाली की निघायचं."

तिसऱ्या परीक्षेत ते मनात म्हणायचं विसरले आणि मोठ्यानं म्हणत सुटले. परीक्षा घेणारी तीच मुलगी. तिनं विचारलं, हे काय बोलताय? बलभीमराव म्हणाले, "माय व्हिलेज." ती हसली आणि तिनं पास केलं. त्या दिवशी त्यांनी मला पहाटे साडेचारला उठवलं. तिकडं संध्याकाळ होती. इथं काय वाजलेत, ही फिकीर त्यांनी केली नाही.

रणधीरनं एक जुनी राखाडी गाडी घेऊन दिली. लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली होती, आणि मथुराबाई पहिल्यांदाच नवऱ्याशेजारी पुढच्या सीटवर बसल्या. एसटीत त्यांची जागा कायम तिसऱ्या रांगेत. आता सगळी काच त्यांच्यासमोर होती आणि त्या काचेतून जे जे दिसेल त्याविषयी त्या बोलायच्या. उन्हाळ्यात एकदा गावाबाहेर गेल्या तर नजर पोचेल तिथवर मसूर आणि हरभरा. "अहो, हरभरा! थांबवा गाडी!" गाडी थांबली. उतरून दोघांनी घाटे हातात घेऊन बघितले. बांध कुठं आहे, हे काही सापडलं नाही, असं बलभीमराव म्हणाले. एका माणसाचं एवढं शेत असेल यावर त्यांचा अजून विश्वास नाही.

आता फेरीचं सांगतो. त्यांच्याच इमारतीत तळमजल्यावर एक पंजाबी म्हातारी राहायची. सगळे तिला बीजी म्हणत. मुलगा आणि सून दोघंही पाळीवर कामाला. लिफ्टपाशी मथुराबाईंची तिची ओळख झाली. मथुराबाईंचं हिंदी टीव्हीवरच्या मालिकांतलं, बीजींचं निम्मं पंजाबी, पण तेवढ्यात कळलं की बीजी अकरा दिवस घराबाहेर पडल्या नव्हत्या. नेणारं कुणी नव्हतं. मथुराबाई वर आल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "उटा. तिला गुरुद्वाऱ्यात सोडायचंय."

तो गुरुवार होता. पुढच्या गुरुवारी मनसुखभाई म्हणून एक गुजराती गृहस्थ आणि त्यांची बायको हजर झाली. मग आणखी दोघं. सगळे या दोघांसारखेच, मुलांजवळ राहायला आलेले आणि शनिवारची वाट बघत बसलेले. गाडीत माणसं मावेनात म्हणून बलभीमरावांनी दोन फेऱ्या केल्या. सकाळी नऊची गुरुद्वारा आणि देऊळ, साडेदहाची भाजीबाजार आणि दवाखाना. वेळापत्रक लिहून त्यांनी लिफ्टजवळ चिकटवलं. मराठीत. ते वाचणारं त्या इमारतीत दुसरं कुणीच नव्हतं. शेवटी मथुराबाईंनी खाली घड्याळाची चित्रं काढली.

आणि मग जे व्हायचं तेच झालं. पुढच्या हिवाळ्यात एका गुरुवारी बीजींना बूट चढवायला उशीर झाला. नऊ वाजून दोन मिनिटं झाली. बलभीमरावांनी घड्याळ बघितलं आणि गाडी काढली.

"थांबा," मथुराबाई म्हणाल्या.

"टाईम झाला."

कोपऱ्यावर लाल पाटी होती. गाडी थांबली. दुसरी बेंबळी म्हणायच्या आत मथुराबाईंनी दार उघडलं आणि त्या बर्फात उतरून परत इमारतीकडं चालायला लागल्या. तसल्या गुडघ्यानं, तसल्या थंडीत. मागच्या सीटवर मनसुखभाई आणि त्यांची बायको काच पुसून बघायला लागली. बलभीमरावांना गाडी वळवून त्यांच्याशेजारी आणावी लागली. काच खाली करून ते म्हणाले, "बसा की. मानसं बगायलीत."

"बगू द्या. तवा म्या पिशवी घेऊन पळत व्हते, आता ती म्हातारी पळंल. तुमाला आरसा दिलाय कशाला? भांग पाडायला?"

दारात बीजी एका पायात बूट आणि एका पायात सपात घालून उभ्या होत्या. त्यांचं बूट घालून होईपर्यंत गाडी थांबली. मला फोनवर बलभीमराव म्हणाले, "इकडं कायदाच हाय, पॅसेंजरसाठी पाच मिनिटं थांबायचा." मागून आवाज आला, "कायदा म्या केलाय, म्हनून सांगा त्यांना."

असं करत तिकडं जाऊन दीड वर्ष झालं. मी सांगितलेले सहा आठवडे कधीच उलटले होते आणि गावात मला कुणी अंदाज विचारत नव्हतं. नात सृष्टी रोज शाळेतून थेट आजीकडं यायची, गरम भाकरीवर तूप घालून खायची, मग रणधीर तिला न्यायचा.

दोन हजार चोवीसच्या एप्रिलमध्ये रणधीर एका संध्याकाळी न्यायला आला आणि बूट न काढताच दारात उभा राहिला. त्याला टोरंटोला मोठी नोकरी मिळाली होती. तीन हजार किलोमीटरवर. जूनमध्ये जायचं होतं. "तुमच्यासाठीबी तिथं जवळच घर बघतो," तो म्हणाला. आवाज असा की त्यानंच काही चोरलंय.

"जाऊ की," बलभीमराव लगेच म्हणाले. मथुराबाईंनीही मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बरण्या कागदात गुंडाळायला घेतल्या.

दोन आठवडे बरण्या गुंडाळणं चाललं. मग एक दिवस बलभीमराव वेळापत्रकाचा कागद लिफ्टजवळून काढायला गेले आणि तो न काढताच वर आले. मथुराबाई म्हणाल्या, "का वो?"

"चिकटपट्टी निगंना."

"तुमाला जायचं न्हाय का?"

"मला काय? नातीबिगर तुला करमंना म्हनून म्या व्हय म्हनलो."

"आन तुमी पोराबिगर खंगाल म्हनून म्या!"

त्या रात्री दोघं किती वेळ बोलत बसले, ते मला माहीत नाही. सकाळी मथुराबाईंनी बरण्यांचे कागद सोडले आणि रणधीरला बोलावून घेतलं. सांगितलं, आम्ही येत नाही. तिथं पुन्हा पहिल्यापासून सगळं करायचं, पुन्हा तुझ्या शनिवारची वाट बघायची, आणि दोन वर्षांनी तुझी कंपनी तुला आणखी कुठं धाडणार. इथं आता चार माणसं ओळखीची झालीत.

रणधीर दुखावला. "मग तुम्ही एवढ्या लांब आलात कशासाठी?"

"तुझ्याजवळ ऱ्हायला," बलभीमराव म्हणाले. "आमी जाग्यावरच हाव. हललास तू."

बेंबळीत तर गहजब झाला. पोरगं गेलं आणि म्हातारा-म्हातारी तिथंच? मी फोन करून म्हटलं, "मग आता इकडं परत या की. घर आहे, शेत आहे."

"आन गुरुवारचं काय?" त्यांनी मलाच विचारलं.

जूनमध्ये रणधीर, निकिता आणि सृष्टी गेली. निकितानं निघताना सासऱ्याच्या गाडीत बसून शेवटची एक परीक्षा घेतली, मला वाटतं रडू लपवायला. पहिला आठवडा मथुराबाईंनी रोज चार वाजता सवयीनं तवा ठेवला. भाकरी झाल्यावर लक्षात यायचं. बलभीमराव ती खाऊन टाकायचे. भूक नसायची, तरी. आठवड्यात आपलं वजन वाढलं, असं ते हसत म्हणाले. पण ते चटकन फोन ठेवतात कधी, हे मला माहीत आहे. तो त्या दिवशी त्यांनी चटकन ठेवला. पुढं सृष्टीनं स्वतःच युक्ती काढली. ती शाळेतून आली की व्हिडिओ कॉल लावते, आजी तव्यासमोर फोन उभा करते, आणि दोघींच्या गप्पा चालतात. मधून मधून भाकरी करपते.

दिवाळीला ती तिघं सास्काटूनला आली. बलभीमराव विमानतळावर दोन तास आधी जाऊन बसले आणि विमान चार तास उशिरा आलं. विमान कंपन्यांविषयी त्यांचं मत मी इथं लिहीत नाही. तिकडं लक्ष्मीपूजन नेमकं गुरुवारी होतं. रणधीरला वाटलं, आज तरी फेरीला सुट्टी असेल. नऊला बलभीमरावांनी चावी उचलली. पोरगा म्हणाला, मीही येतो.

पुढं आईची जागा, तिथं बसायची त्याची टाप नव्हती. एवढ्या मोठ्या नोकरीचा माणूस मागं बीजी आणि मनसुखभाईंच्या मधे, गुडघे पोटाशी घेऊन बसला. बलभीमरावांनी आरशातून ओळख करून दिली.

"बीजी, ये हमारा लडका. टोरंटो से आया है, पाव्हना."

बीजींनी पिशवीतून पिन्नीचा लाडू काढून त्याच्या तोंडात घातला आणि गुरुद्वारा येईपर्यंत त्याची चौकशी केली. पगार किती, पोरगी एकच का, आईबापांना फोन करतोस का. रणधीरनं मला हे सगळं सांगितलं, नंतर. म्हणाला, "काका, आबा तिथं खुश आहेत हो." मी म्हटलं, ते मला त्यांच्या कानावरून कळलं असतं, पण फोनमध्ये कान नीट दिसत नाहीत.

आता जानेवारीत दोघं सहा आठवड्यांसाठी बेंबळीला येणार आहेत. युवराजनं घराला रंग दिलाय. मथुराबाईंनी मला यादी पाठवलीय. दोन किलो येसर लोहाऱ्याचाच हवा, मनसुखभाईंच्या बायकोला हुरडा आवडतो का ते चाखवून बघायचंय म्हणून तो वाळवून द्यायचा, आणि बीजींसाठी तुळजापूरच्या कुंकवाची पुडी. बलभीमरावांनी फक्त एकच काम सांगितलंय. ते इकडं असताना गुरुवारची फेरी मनसुखभाई चालवणार आहेत, त्यांनीही आता तिथलं लायसन काढलंय, तेव्हा बुधवारी रात्री मी इथून त्यांना फोन करून नऊचा टाईम आणि पाच मिनिटांचा कायदा बजावायचा.

"अहो, मला गुजराती येत नाही," मी म्हटलं.

"तू कंडक्टर हायस," ते म्हणाले. "तुला काय आवघड?"